पेनावर नाव टाकणेबाबत

"देल्ला तवा मोठा नमस्कार केला मी त्यायले. घरी आणला, पोरीनं लिवाले घेतला, त तीन अक्षरं झाली अन् गप. आता थ्या पेनानं मी कुंडीतली माती उकरतो."

माणिकबाईनं हे शेजारणीच्या कानात सांगितलं होतं. पण माणिकबाईचं कानात सांगणं म्हणजे पुढच्या दोन रांगांची सोय. रविवारची वंदना नुकतीच संपलेली, विहारात बायका सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या, आणि माणिकबाईचा गुडघा दीपमालाच्या पाठीला टेकलेला. दीपमालानं मागं वळून पाहिलं नाही. वळली असती तर माणिकबाईला "तसं नाई व, पेन चांगलाच हाये" असं म्हणावं लागलं असतं. आणि पंचशील घेऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोवर एका भल्या बाईला खोटं बोलायला लावणं दीपमालाच्या जिवावर आलं. त्यातून माती उकरली जात होती म्हणजे पेन कामी येत होता. बाकीच्यांच्या घरी तो नुसताच पडून होता.

पेन दीपमालाच्या नवऱ्यानं केलेला. श्रावण तेलगोटे महसूल खात्याच्या रेकॉर्ड रूममध्ये तेहतीस वर्षं काढून निवृत्त झाला, आणि पुढचं वर्षभर रोज साडेनऊला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून अमरावतीच्या आपल्या घराच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसायचा तो साडेपाचला उठायचा. दीड वाजता जेवण. घरातच, पण डब्यातून. दीपमाला अंगणवाडीतून दुपारी परत आली की तो तिच्याकडे असा बघायचा, जणू ती नकलेचा अर्ज घेऊन आली आहे आणि साहेब जागेवर नाहीत. दुसऱ्या वर्षी ऑफिसातली जुनी सागवानी मांडणी मोडीत निघाली, ती त्यानं लिलावात उचलली. धामणगाव रेल्वेच्या एका पाळणेवाल्याकडून लाकूड घासायचा जुना लेथ आणला, मोबाइलवर बघून बघून शिकला आणि मागच्या पडवीत पेन करू लागला. त्या दिवसापासून ओसरीवरची खुर्ची रिकामी झाली आणि माणूस घरात आला. कधी कधी शीळसुद्धा वाजवायचा. तेव्हा पेन लिहीत नाही हे त्याला सांगायचं कसं, हा प्रश्न दीपमालानं सोडवला नव्हता, नुसता जपून ठेवला होता.

पेन अगदीच लिहीत नव्हता असं नाही, खोटं कशाला बोला. तीन अक्षरं लिहायचा. पेन शाईचा, आणि अख्खा लाकडाचा हवा ही श्रावणची हौस. निबेखाली जी जीभ असते, जिच्यावरून शाई खाली उतरते, तीही तो बाजारची प्लास्टिकची न लावता सागवानाची कोरायचा. महसूल खात्याचं ते लाकूड, तेहतीस वर्षं कोरडं राहिलेलं. शाई लागली की ते आधी स्वतः प्यायचं, पिऊन फुगायचं, आणि शाईची वाट बंद. रात्रभरात सुकलं की उद्या पुन्हा तीन अक्षरं. दीपमालानं एकदा गुपचूप बाजारात जाऊन प्लास्टिकची जीभ मागितली होती. दुकानदारानं तिच्यासमोर दहा रुपयांचा अख्खा पेन ठेवला आणि म्हणाला, "याच्यात जीभबी हाये अन् लिवतेबी."

श्रावणला हे कळलं कसं नाही, असं कोणी विचारेल. तो प्रत्येक पेन तपासूनच द्यायचा. पण तपासायचा कसा, तर ऑफिसात हजारो कागदांच्या कोपऱ्यात जशी करायचा तशी आद्याक्षराची बारकी सही करून. एक 'श्रा', पुढं टिंब. तेवढ्याला शाई पुरायची. प्रत्येक पेन पास. आणि घरातलं बाकीचं लिखाण तो बॉलपेनानं करायचा, कारण कोणत्याही कागदाच्या कार्बन घालून तीन प्रती काढायच्या हा त्याचा नियम, आणि कार्बनला बॉलपेनच लागतो. म्हणून त्याच्या खिशाला नेहमी दोन पेन: बाहेरून दिसणारा लाकडी, आणि त्याच्या मागं दडलेला पाच रुपयांचा.

ज्यांना ज्यांना पेन मिळाला होता ते सगळे एकच बोलायचे, "लाकूड लय भारी वापरलं." शेजारचे केशवराव म्हणायचे, "श्रावणभाऊ, लाकूड अस्सल हाये." पुण्याला नोकरी करणारा मुलगा स्वप्निल म्हणायचा, "बाबा, लाकडाची पॉलिश एक नंबर. मी शोकेसमध्ये ठेवला." श्रावण खूश व्हायचा. पेनाच्या लाकडाची इतकी स्तुती होते आणि पेनाची होत नाही, हे त्या साध्या माणसाच्या ध्यानात आलं नाही.

फेब्रुवारीत अकोल्याहून दीक्षाचा फोन आला.

अकोल्याला श्रावणची थोरली बहीण राहते, पंचफुलाबाई; घरात सगळे तिला नुसतं बाई म्हणतात. वय बहात्तर. कापूस वेचून, जिनिंगमध्ये राबून तिनं भावाला शिकवलं. तो सातवी पास झाला तेव्हा शाईचा पहिला पेन तिनं घेऊन दिला. श्रावण बॉलपेन बनवत नाही त्याचं कारण एवढंच. दीक्षा तिच्या गल्लीतली मुलगी. स्वतः परीक्षांचा अभ्यास करते आणि संध्याकाळी वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना लिहायला शिकवते.

"काका, चौदा एप्रिलला सकाळी आपली अभ्यासिका सुरू होऊन राह्यली," दीक्षा म्हणाली. "हारफुलं कोणीच आणायचे नाहीत, एक वही, एक पेन आणायचा असं ठरलं. चाळीस पोरंपोरी येणार. अन् रजिस्टरमध्ये पहिली सही पंचफुला आत्या करणार."

श्रावण उभा राहिला. फोनवर बोलताना तो एरवी फक्त कलेक्टरसाठी उभा राहायचा. "चाळीस पेन मी देतो," तो म्हणाला, "अन् प्रत्येकावर ज्याचं त्याचं नाव. बाईच्या पेनावर बाईचं."

मग दीक्षानं फोन काकूंना द्यायला सांगितला आणि तिचा आवाज उतरला. "काकू, आत्या पाटीवर पूर्ण नाव लिहितात. मस्त लिहितात. पण वही आली का काकांचा पेन काढतात, अन् अर्ध्यातच थांबतात. दुसरा पेन देल्ला त घेत नाहीत. म्हणतात, माहा हातच पुढं जात नाई. बँकेतबी तसंच झालं, अंगठा देऊन आल्या. तवापासून वर्गात चूप बसतात. काकू, त्या पेनाचं काही..."

"लाकूड चांगलं हाये," दीपमाला म्हणाली, आणि जीभ चावली.

त्या संध्याकाळी तिनं भाकरी थापता थापता विषय काढला. "अजी, बाईले त्या पेनानं लिवाले जड जाते म्हणते दीक्षा."

"जाईनच," श्रावण म्हणाला. "त्याच्यावर नाव कुठी हाये? स्वतःचं नाव दिसलं का माणसाचा हात मोकळा होते. मी पाह्यलं ना ऑफिसात. टेबलावर नावाची पाटी आली का साहेबाची सही मोठी होत होती."

दीपमालाची भाकरी त्या दिवशी करपली.

नाव टाकायचं म्हटल्यावर तो आधी भांडेवाल्याकडं गेला. लग्नकार्यात भांड्यांवर नाव टाकून द्यायची आपल्याकडची रीत. दुकानात एक माणूस ती घरघर करणारी टोचणी घेऊन बसलेलाच असतो. त्यानं पेन उलटासुलटा केला आणि विचारलं, "कोणाकडून?"

"कोणाकडून नाही. ज्याले द्याचा त्याचं नाव."

"त्याचं कावून? ज्यानं देल्लं त्याचं टाकतेत. नाही त कळंन कसं कोणं देल्लं?" वीस वर्षांत त्यानं घेणाऱ्याचं नाव एकदाही टाकलं नव्हतं. श्रावणनं समजावलं, माणूस ऐकेना. शेवटी 'यांजकडून सप्रेम' इतकं कोरून झालं होतं तेव्हा पेन उभा चिरला. भांडेवाला म्हणाला, "स्टीलचा बनवा काका." श्रावण तो चिरलेला पेन रुमालात गुंडाळून घरी घेऊन आला आणि दोन दिवस त्या रस्त्यानं गेला नाही.

मग लेझरचं नाव निघालं. लेझर हा शब्द घरात शिरला आणि सल्ल्यांना ऊत आला. स्वप्निल फोनवर म्हणाला, "बाबा, निदान दहा वॅटचं घ्या. पेन गोल असतो, तो फिरवायला रोलर लागतो. चष्मे दोन. धूर जायला खिडकी. स्वस्तातलं घेऊ नका." केशवराव कुंपणावरून म्हणाले, "लेझरचं मले सांगू नका, माह्या मोतीबिंदूचं लेझरनंच केलं. त्या डॉक्टरले विचारून पाहू. दुपारी मशीन खालीच असते त्यायची." श्रावणनं हेही टिपून घेतलं.

टिपून घेतलं ते फायलीत. कारण दुसऱ्या दिवशी दीपमाला घरी आली तर टेबलावर नाडी बांधलेली नवी फाईल होती, आणि वर लिहिलेलं: 'विषय : हस्तनिर्मित पेनांवर लाभार्थ्यांची नावे कोरणेकामी लेझर यंत्र खरेदी करणेबाबत.' तीन प्रती.

"घरात एक मशीन घ्याची तर फाईल कायले?" तिनं विचारलं.

"तीन दरपत्रकं पाहिजे. तुलनात्मक तक्ता पाहिजे. उद्या कोणं विचारलं त?"

"कोण विचारते?"

"ऑडिट."

"कोणाचं ऑडिट, अजी?"

"येते कधीबी," श्रावण म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर खरोखरच भीती दिसली.

तीन दरपत्रकं मागवण्यात तीन आठवडे गेले. नागपूरच्या दुकानदारानं दिलं. स्वप्निलनं पुण्याचं पाठवलं. तिसरं मोबाइलवरच्या एका जाहिरातीतलं. त्यांच्याकडं श्रावणनं सही-शिक्क्यासह लेखी दर मागितले. तिकडून दर वेळी आपोआप उत्तर यायचं, 'आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' श्रावणनं ते सात वेळा आलेलं उत्तर छापून आणून फायलीला लावलं. इतक्या आदरानं कोणत्याही कार्यालयानं त्याला कधी कळवलं नव्हतं.

तक्ता तयार झाला. नागपूरचं यंत्र दहा वॅटचं, रोलर, दोन चष्मे. पुण्याचं पाच वॅटचं. जाहिरातीतलं दीड वॅटचं, सगळ्यांत स्वस्त, त्यावर बारीक अक्षरात 'हौशी वापरासाठी'. कोणतं घ्यावं हे लहान पोराला कळलं असतं. पण लहान पोरानं सरकारी नोकरी केलेली नसते. तक्ता केला की सर्वांत कमी दर स्वीकारायचा, हा नियम. श्रावण रात्री जेवला नाही. त्यालाही नागपूरचंच आवडलं होतं, परवडतही होतं. पण स्वतःच काढलेल्या तक्त्यापुढं स्वतःच अडकलेला माणूस. "आपल्याच फायलीत आपणच गडबड कराची का?" तो म्हणाला.

सकाळी त्यानं फाईल दीपमालापुढं ठेवली, चहाच्या कपाबरोबर. 'मंजुरीस्तव सादर.' घरात मंजुरी देणारं दुसरं कोण होतं? दीपमालानं त्याच्या खिशातला पाच रुपयांचा पेन घेतला. तिला वाटलं, तोंडानं होत नाही ते कागदावर होईल. आयुष्यभर या माणसानं कागदावर लिहिलेलं मानलं आहे. तिनं लिहिलं, 'यंत्र घेण्यापूर्वी पेन', आणि हात थांबला. बॉलपेन व्यवस्थित लिहीत होता, तक्रार करायला जागा नव्हती. पडवीतून शीळ ऐकू येत होती. तिनं लिहिलेलं खोडलं आणि खाली लिहिलं: 'चर्चा करावी.'

साहेब लोक ज्या कागदाचं काय करावं हे कळत नाही त्यावर असंच लिहितात, हे तिला त्याच्याचकडून ऐकून माहीत होतं. श्रावणनं तो शेरा वाचला आणि त्याचा ऊर भरून आला. बायको प्रशासनात इतकी मुरलेली आहे हे त्याला आजच कळलं होतं. त्यानं खाली लिहिलं, 'चर्चा केली. मंजूर.' चर्चा झालीच नाही.

यंत्र आलं ते घरी आलं नाही. कुरियरवाल्यानं फोन करून बोलावलं, पार्सलवर लेझर लिहिलेलं आहे, घेऊन जा. श्रावण हे यंत्र कोणाच्याही जीवितास धोका पोचवण्यासाठी वापरणार नाही असं प्रतिज्ञापत्र, आधारची साक्षांकित प्रत आणि दोन फोटो घेऊन गेला. खिडकीतला माणूस म्हणाला, "काका, हे सगळं ठेवा. ओटीपी सांगा." ओटीपी स्वप्निलच्या फोनवर गेला होता, आणि स्वप्निल पुण्यात मीटिंगमध्ये. दोन तास श्रावण बाकावर बसला, मांडीवर प्रतिज्ञापत्र. तेहतीस वर्षं तो खिडकीच्या आतल्या बाजूला होता. बाहेरून खिडकी एवढी उंच दिसते, हे त्याला माहीत नव्हतं.

खोकं उघडलं तेव्हा दीपमाला आधी आत हात घालून मशीन शोधू लागली. ती तिच्या हाताला लागूनच होती, मसाल्याच्या डब्याएवढी. कोरण्याची जागा चार बोटं बाय चार बोटं. चष्मा एक. रोलर नाही, त्यामुळे पेन लोळायचा. श्रावणनं कणकेचा उंडा करून त्यात पेन रोवला. मशीन निळा उजेड टाकून नाव कोरू लागली की कणीक भाजायची, आणि घरभर जळक्या फुलक्याचा आणि महसूल खात्याच्या सागवानाचा मिळून असा एक वास सुटायचा, की केशवराव कुंपणावरून विचारायचे, "वहिनी, आज का केलं?" चष्मा श्रावणच्या डोळ्यावर, दीपमाला डोळे गच्च मिटून पाण्याचा तांब्या घेऊन उभी. आग लागली की तो सांगेल आणि ती ओतेल, असा तो कार्यक्रम. त्यात पहिल्यांदा तांब्या कणकेवर ओतला गेला, दुसऱ्यांदा श्रावणवर.

मराठी अक्षरं मशीनला मान्य नव्हती. वेलांट्या एका बाजूला, मात्रा दुसऱ्या बाजूला, अक्षरं मधे उघडी पडलेली. स्वप्निलनं फोनवरून नावांचे फोटो करून पाठवले, तेव्हा कुठं जमलं. आणि जमलेलं पहिलं नाव होतं 'पंचफुला'. खरं सांगायचं तर सुंदर उतरलं. बारीक, कुळकुळीत, सरळ ओळीत. श्रावणनं तो पेन दोन्ही हातांत धरून उन्हात नेला. दीपमालाचे डोळे भरून आले, आणि त्यातलं किती धुरानं आलं हे तिनं तपासलं नाही. श्रावणनं कोपऱ्यातल्या कागदावर 'श्रा' केलं, टिंब दिलं. "चालते," तो म्हणाला.

ती यंत्राची शेवटची भलाई. एप्रिल लागला आणि पारा चढला. सकाळी नऊनंतर मशीन तापून चिरकायची आणि बंद पडायची. मग पहाटे पाचला उठून कोरकाम. मधेच वीज गेली की मशीन आलेल्या विजेबरोबर नाव पहिल्यापासून सुरू करायची, जरा बाजूला सरकून; 'समीक्षा' नावाच्या मुलीला 'समीसमीक्षा' व्हावं लागलं. श्रावणनं मशीनसमोर कूलर लावला. मशीन गार झाली, पण कूलरची ओल चढून पेन फुगले आणि सहा पेनांची टोपणं अशी बसली की निघेनात. केशवरावांनी पक्कड लावून पाहिली, मग कपाळ पुसत म्हणाले, "लाकूड अस्सल हाये." दीपमालाला मात्र त्या सहा पेनांचा आधार वाटला. त्यांची तक्रार येणार नव्हती.

बारा एप्रिलला, अकरा नावं झाली असताना, मशीनमधून एक बारीक धुराची दोरी निघाली आणि उजेड गेला. श्रावणनं फायलीत लिहिलं, 'यंत्र निकामी.' मग खाली लिहायला काही सुचलं नाही, म्हणून सही केली.

तेराला दोघं पेनांची पिशवी घेऊन एसटीनं अकोल्याला गेली. स्टँडजवळ बंडूचं ट्रॉफ्या आणि रबरी शिक्क्यांचं दुकान. बंडू पंचफुलाबाईच्या गल्लीतलाच. त्याच्याकडं कपाटाएवढी मशीन होती. तिनं उरलेली नावं अर्ध्या तासात कोरून दिली, वेलांट्यांसकट. श्रावण शेजारी उभा राहून बघत होता, आणि दर नावागणिक थोडा थोडा बसत चालला होता.

"काका, तुमी कोणती घेतली होती?" बंडूनं विचारलं. श्रावणनं सांगितलं. "थे त पोरायच्या खेळण्यातली हाये ना बाप्पा," बंडू म्हणाला.

"तीन दरपत्रकं मागवली होती," श्रावण म्हणाला.

श्रावण पाणी प्यायला बाहेर गेला तेव्हा बंडूनं एक पेन उघडला आणि पावतीपुस्तकावर आपलं नाव टाकून पाहू लागला. दुसऱ्या अक्षराशी पेन फिका झाला, तिसऱ्याशी गेला. बंडूनं झटकला. पुन्हा ओढला. मग त्यानं हळूच मान वर करून दीपमालाकडं पाहिलं. दीपमाला ट्रॉफ्या बघत होती. कबड्डीची होती, भजनाची होती, उत्कृष्ट गाईची होती. तिनं एकही सोडली नाही. श्रावण आत आला तेव्हा बंडू पेनाला टोपण लावत म्हणाला, "काका, लाकूड लय भारी वापरलं."

चौदाची सकाळ. पंचफुलाबाई पांढरं लुगडं नेसून सहा वाजल्यापासून तयार होती. दीक्षा म्हणाली, आत्यानं चार दिवसांत पाटीवर नाव इतक्या वेळा लिहिलं की पाटीच्या मधोमध पांढरा पट्टा पडला. श्रावणनं पेन दिला तेव्हा तिनं कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं, एकेक अक्षर जोडत. "मीच हावो हे," ती म्हणाली.

अभ्यासिका म्हणजे एक खोली, नवा रंग, भिंतीला बाबासाहेबांचा फोटो, टेबलावर कोरं रजिस्टर. चाळीस पोरंपोरी दाटीनं उभी, हातात आपापल्या नावाचा पेन. सहाजण टोपण ओढत होते. वस्तीतली माणसं दारात. वंदना झाली. दीक्षानं रजिस्टर उघडून बोट ठेवलं, "आत्या, इथी."

पंचफुलाबाई खुर्चीवर बसली. पेन धरला. जीभ दातात धरून तिनं 'पं' काढला. टपोरा, निळा. मग 'च'. 'फु' काढताना शाई फिकी झाली, उकार अर्धाच उमटला. ती थांबली. पेन दाबला. कागदावर नुसता कोरडा ओरखडा.

"बाई, आरामात," श्रावण म्हणाला. "घाई नाई."

तिनं पुन्हा ओढलं. कागद फाटला. बंडू दाराशी छताकडं बघत होता. "नाव मात्र लय सुंदर कोरलं," तो म्हणाला, म्हणजे कोणीतरी काहीतरी बोलायलाच हवं होतं.

पंचफुलाबाईनं पेन टेबलावर ठेवला. हळूच, टोपण लावून, लोळू नये म्हणून वहीला टेकवून.

"राहू दे व दीक्षा," ती म्हणाली. "थे अंगठ्याची डबी आण."

दीपमालानं श्रावणच्या खिशातून मागचा पाच रुपयांचा पेन काढला आणि तिच्यापुढं धरला. "बाई, यानं लिवा."

पंचफुलाबाईनं तो हात बाजूला सारला, रागानं नाही. "पेन बदलून का होते? भावानं नाव कोरून देल्लं, त्याच्यानंबी झालं नाई. हातच तसा हाये माहा. सरकीनं बोटं गेली सारी. कापसाचा हात हाये, लिवाचा नोहे." ती श्रावणकडं बघून हसली. "तू वाईट नको वाटून घेऊ बाप्पा. तुहा पेन लय चांगला हाये."

श्रावणनं मान हलवली. त्यालाही पटलं होतं. तो बहिणीच्या बोटांकडं बघत होता, आणि त्याच्या तोंडावर असं दुःख होतं की दीपमालाला वाटलं, हा आता घरी जाऊन ओसरीवर खुर्ची टाकणार.

दीक्षानं खणातून डबी काढली. उघडली. पंचफुलाबाईनं अंगठा लुगड्याला पुसला आणि पुढं केला, सवयीनं, बहात्तर वर्षांच्या सवयीनं. तो डबीला टेकणार तेवढ्यात दीपमालानं तिचं मनगट धरलं.

"बाई," ती म्हणाली, आणि पुढचं सगळ्या खोलीला ऐकू गेलं, "हात चांगला हाये तुमचा. पेन लिवत नाई. यायचा एकबी पेन लिवत नाई."